दिवस धरून

भोंगाकाकू आपली कोंबडी न्यायला आली तेव्हा पिल्लू अजून अंड्यातच होतं.

काल दुपारी तीनला त्याने आतून चोच मारली. अंड्याच्या जाड टोकाजवळ आधी तडा गेला, मग मोहरीएवढं भोक पडलं आणि तिथून पुढे काही नाही. रात्र गेली, सकाळचे नऊ वाजले, भोक मोहरीएवढंच. कान लावला की आत टकटक व्हायची, मध्येच चिव असा बारीक आवाज यायचा आणि थांबायचा.

सून खुराड्यासमोर उकिडवी बसली होती. आत एकच डालगं, त्यात भोंगाकाकूची खुडूक कोंबडी पिसं फुलवून बसलेली. एरवी याच खुराड्यात बेचाळीस पक्षी असायचे. आता बांबूच्या आडव्या काठ्यांवर वाळलेली शीट होती आणि कोपऱ्यात पालथं घातलेलं पाण्याचं भांडं.

"अगं, अजून किती दिवस ठेवणार माझी कोंबडी?" काकू फाटकातूनच बोलायला लागली. तिचं बोलणं तिच्या आधी घरात शिरायचं, म्हणून तर तिला सगळे भोंगा म्हणायचे, अर्थात पाठीमागे. "एकवीस दिवस म्हणाली होतीस. काल एकवीस झाले."

"आज होतात काकू. संध्याकाळी."

"कसे काय? गुरुवारी बसवली. गुरुवार एक, शुक्रवार दोन..." काकूने बोटांची पेरं मोजायला घेतली.

"गुरुवारी दिवस बुडताना बसवली. तो दिवस कसा धरायचा?"

"दिवस तो दिवस. दिवस बुडताना जन्मलेल्या माणसाचा वाढदिवस काय दुसऱ्या दिवशी करतात?"

ओट्यावर बसलेल्या आत्या खाकरल्या. आत्या म्हणजे सासू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालं ते फसलं, दुसऱ्याला त्या हात लावू देत नव्हत्या. उजेड आणि सावली तेवढी कळायची. "दिवस धरूनच मोजतात," त्या म्हणाल्या. "ने तुझी कोंबडी. तिला काय दोष."

सुनेला वाटलं होतं निदान आज तरी त्या आपल्या बाजूने बोलतील.

"हिच्याखाली बसवायला जावयाकडून आणलेली पंधरा अंडी कोंड्यात पडलीयेत," काकू जरा नरमली. "या गरमीत नासतील, नाहीतर मी काय म्हणणार होते? आणि हे बघ, एकच तर उरलंय. एका अंड्यासाठी अख्खी कोंबडी अडकवायची म्हणजे..." तिने वाक्य तसंच सोडलं, डालग्यात हात घातला आणि कोंबडी पंखांसकट उचलली. कोंबडी ओरडली. खाली गवतात ते अंडं उघडं पडलं. तपकिरी, जरासं लांबट, वर पेन्सिलने काढलेली फुली.

"बोट लावू नका हं आत्याबाई," जाताना काकू म्हणाली. "जे आपणहून फोडतं तेच जगतं. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"कोण लावतंय बोट," आत्या म्हणाल्या.

अंडी अकरा होती. बॅटरीवर धरून बघितली तेव्हा पाच गार निघाली, आत जीवच धरला नव्हता. तीन मधल्या काळात सडली, त्यातलं एक फुटलं तेव्हा घरभर वास. दोघांनी काल सकाळी चोच लावली आणि दुपारपर्यंत आतल्या आत मेली. हे अकरावं.

ही अंडी काळीची होती, खुराडं रिकामं होण्याआधी घातलेली, तेवढीच वाचलेली. काळी म्हणजे एक कोंबडी नव्हे, तो वाण. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने हातात दिलेला. काळी पिसं, काळे पाय, अंडं मोठं आणि पिल्लांना आई घारीपासून अशी जपायची की कुत्रंसुद्धा वाट बदलायचं. गावात जिथे जिथे काळी होती ती याच घरातून गेलेली. अंडी रवणीला बसवायची म्हटली की लोक आत्यांना बोलवायला यायचे. त्यांनी हाताने अंडी ठेवली की पिल्लं निघायचीच. हातगुण म्हणायचे सगळे. डोळे गेल्यावरही बोलवायचे, हाताला धरून न्यायचे.

आणि मग सुनेने बाजारातून दोन लाल कोंबड्या आणल्या. रोज अंडं देणाऱ्या. आठ दिवस वेगळ्या ठेव, असं आत्यांनी बजावलं होतं. त्यानंतर त्या खुराड्यात गेल्या आणि तिसऱ्या दिवशी मानमोडी आली. पक्ष्यांच्या माना पाठीकडे मुरडायला लागल्या, हिरवी शीट, पाय ताणून पडायचे. नऊ दिवसांत सगळं खुराडं साफ. भोंगाकाकूकडची काळीही गेली, वरच्या आळीतली पण गेली. काकूची ही एक गावठी तेवढी वाचली, मळ्यात जावयाकडे होती म्हणून.

आत्यांनी शिवी दिली नाही. त्या दिवसापासून फक्त एक शब्द लावला. भाजी खारट झाली तर, "बाजारचं मीठ असेल." केरसुणीचा हीर तुटला तर, "बाजारचीच ना." सून भांडी जोरात घासायची.

आता आत्यांचा थोरला मुलगा आज चार वाजता गाडी घेऊन येणार होता. तालुक्याला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. गेला महिनाभर तो आईला फोनवर म्हणत होता, तिथे आता काय उरलंय, चल माझ्याकडे. आत्यांनी सांगितलं होतं, अंडी बसवलीत. एक जरी निघालं तर मी इथून हलत नाही. नाही निघालं तर ये घेऊन जायला.

बोचकं बांधून दाराशी ठेवलेलंच होतं.

"आण ते इकडे," आत्या म्हणाल्या. "पंचा ओला करून पिळ. कोमट पाण्यात. गार नको."

सुनेने अंडं पंच्यात गुंडाळून दिलं. आत्यांनी ते पोटाशी, साडीच्या निऱ्यांच्या वर खोचलं, वरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या. सत्तरीची बाई, पोटाशी अंडं धरून. सुनेला हसू आलं आणि लगेच गेलं.

वारा सुटला होता. अंगणातली माती उडत दारात येत होती. असला कोरडा वारा की दोरीवर टाकलेलं लुगडं तांब्याभर पाणी पिऊन होईतो वाळायचं. त्याच वाऱ्याने अंड्याच्या भोकाभोवतीचा पापुद्रा कडक होत होता. सकाळी तो ओला, पारदर्शक होता. आता कागदासारखा पांढरा दिसत होता.

नळाला दहाला पाणी यायचं, अर्धा तास. जाणं भाग होतं.

"मी आलेच," सून म्हणाली.

नळावर रांग होती. कुणी सरळ काही विचारलं नाही. मागून एकीने आवाज चढवून दुसरीला विचारलं, "का गं, तुमच्याकडे अंडी आहेत का?" दुसरी म्हणाली, "आहेत की, बाजारची." सगळ्या हसल्या. भोंगाने एकदा कुठली गोष्ट ऐकली की झालंच. सुनेने हंडा लावला, भरला, डोक्यावर घेतला. दुसरा हंडा उचलताना हिंदकळला आणि पाणी मानेवरून ब्लाऊजमध्ये गेलं. गार वाटलं, बरं वाटलं.

परत येताना फोन वाजला. नवरा. ट्रक घेऊन चार दिवस बाहेर होता.

"निघालं का?"

"नाही."

"आई काय म्हणते?"

"पोटाशी घेऊन बसल्यात."

तिकडे हसल्याचा आवाज आला, मागे हॉर्न. "जाऊ दे ना तिला चार महिने दादाकडे. तुलाही जरा मोकळं वाटेल."

तिने एका हाताने हंडा सावरला. खोटं काय, तिच्या मनात हे शंभरदा येऊन गेलं होतं. आपल्या मनासारखं मीठ घालायचं. दुपारी आडवं व्हायचं. पण त्या अशा गेल्या तर गावभर एकच बोललं जाणार, हिने आधी खुराडं रिकामं केलं, मग घर. आणि लोकांचं सोडा. रात्री अंथरुणावर पडलं की तिला स्वतःलाच तेच ऐकू यायला लागलं असतं.

घरात शिरली तर आत्या मान वाकडी करून बसलेल्या, कान पोटाकडे.

"टकटक थांबलीये," त्या म्हणाल्या. "किती वेळ झाला तू जाऊन?"

"अर्धा तास."

"दार लाव."

"काय?"

"दार लाव आणि कडी घाल. तो भोंगा परत येईल."

तिने कडी घातली. खोलीत अंधारलं. छपराच्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक चौकोनी तुकडा खाली पडत होता, तिथे आत्या हळूहळू सरकत आल्या.

"तेल आण. खोबरेल. आणि कापूस. हात धू साबणाने, नखं बघ."

सून उभीच राहिली. "बोट लावायचं नाही म्हणालात ना."

"लोकांना म्हणते." आत्यांनी पदर बाजूला करून अंडं काढलं. बोटं थरथरत होती, अंडं पंच्यात हलत होतं. "चाळीस वर्षं लोकांना म्हणते. आणि घरी येऊन दार लावून घेते. जे अडकलं ते मी सोडवलंय. प्रत्येक. नाहीतर हातगुण काय आभाळातून पडतो?"

"आणि सगळी जगायची?"

"निम्मी. निम्मी रक्त जाऊन मरायची. ती पुरायची परसात. जी जगली ती लोकांना दाखवायची." आत्यांनी अंडं पुढे केलं. "आता बोटं राहिली नाहीत माझ्याकडे. तू कर. आज बावीस दिवस झाले, आता आत ठेवण्यात अर्थ नाही. ठेवलं की ते मेलं."

बावीस. सुनेच्या ओठावर आलं होतं की आत्या, बावीस नाही. पण सकाळी ओट्यावरून ऐकलेलं आठवलं, दिवस धरूनच मोजतात. आणि चाळीस वर्षांपुढे आपण काय बोलणार. तिने तेल आणलं.

उन्हाच्या तुकड्यात तिने अंडं धरलं. डाव्या हाताच्या मुठीत, जाड टोक वर. ते उबदार होतं. भोकातून चोचीचं टोक दिसत होतं, त्यावर टरफल फोडायचा बारीक पांढरा काटा. चोच हलत नव्हती. मग अगदी थोडी उघडली, मिटली.

"जिवंत आहे."

"सांगत राहा. जे दिसेल ते सगळं सांग. माझे डोळे आता तू. रक्त दिसलं तर दिसलं म्हण, नाही तर नाही म्हण. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायला गेलीस तर ते मरेल. कळलं?"

"हो."

"कापूस तेलात बुडवून पापुद्र्याला लाव. चोचीत जाऊ देऊ नको, गुदमरेल."

तिने लावलं. पांढरा पापुद्रा तेलाने पुन्हा पारदर्शक झाला.

"आता भोकाच्या कडेचं टरफल. नखाने. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, जास्त नाही. वर, जाड टोकाकडे. खाली जायचं नाही."

तिने नख घातलं. टरफल तिला वाटलं होतं त्यापेक्षा सहज निघालं. दुसरा तुकडा. तिसरा. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळायला लागला, तो अंड्यावर पडू नये म्हणून ती मान तिरकी करून काम करत होती. चोच पूर्ण दिसायला लागली, मग ओलं, चिकटलेलं काळं पीस. काळं.

"काळं आहे आत्या."

आत्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

"पापुद्रा चोचीपासून मागे सार. कापसानेच. ओढायचा नाही."

तिने सारला. आणि मग एक लाल रेघ उमटली. आधी केसाएवढी. तिने बघितली, कापूस टेकवला, कापसावर ठिपका आला. मग रेघेतून थेंब फुगला.

तिला बोलावंसं वाटेना. बोललं की संपलं. तिने कापूस दाबून धरला.

"काय झालं?"

"काही..." ती म्हणाली आणि थांबली. "रक्त. रक्त आलंय."

"किती?"

"एक थेंब. आता दुसरा."

"दाब. घासू नको. मैदा आहे का घरात? चिमूटभर लाव. आणि हात काढ तिथून. हात काढ."

तिने मैदा लावला, पुन्हा दाबलं, मनात शंभर मोजले. रक्त थांबलं. चोच उघडी राहिली होती, आतली जीभ दिसत होती, आणि मग ती एकदम हलली आणि चिव झालं. बारीक, पण झालं. तिने अंडं ओल्या पंच्यात गुंडाळून आत्यांच्या पोटाशी दिलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

"खरं सांगितलंस," आत्या म्हणाल्या.

तेवढ्यानेच सगळं सुटलं. आत्या रागावल्या असत्या तर ती गप्प राहिली असती.

"आत्या, त्या लाल कोंबड्या मी आठ दिवस नव्हत्या ठेवल्या वेगळ्या."

आत्यांनी अंड्यावरचा पदर सारखा केला.

"तुम्ही रोज विचारायचात. डालगं फाटलं होतं, एक सारखी बाहेर यायची, कुत्र्याने धरली असती. मला वाटलं चांगल्या दिसतायत, काय होतंय. तुम्हाला आठ झाले म्हणून सांगितलं."

"किती ठेवल्यास?"

"पाच."

बाहेर वाऱ्याने पत्र्याचा डबा अंगणभर लोळवला.

"दिवस धरून?" आत्यांनी विचारलं.

"धरून."

"म्हणजे चार."

सुनेने मान हलवली, मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. "हो. चार."

आत्या भिंतीला डोकं टेकून बसल्या. त्यांचे ओठ हलत होते, सुनेला वाटलं त्या शिव्या देतायत. पण अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. एकदा फिरला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून.

"गुरुवार ते गुरुवार किती होतात?"

"सात."

"मी आठ धरते. सासूने तसंच शिकवलं." अंगठा पुन्हा फिरला. "म्हणजे आज बावीस नाहीत."

"आज दिवस बुडताना एकवीस पुरे होतील."

"हे तुला सकाळपासून माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेने तेलाची बाटली बंद केली. काचेच्या कौलातून येणारा उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत भिंतीशी गेला.

"कोंबडी स्वतः बसली की ती मोजत बसत नाही," आत्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. "तिच्यावर सोडली ती जगायची. मी दिवस धरून मोजून एक दिवस आधीच सोडवली, त्यातली निम्मी मरायची. मला वाटायचं अडकलेलंच होतं, मरणारच होतं." मग पदराने नाक पुसलं. "परसात किती पुरली असतील मी."

सुनेने भांड्यात पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं. आत्यांनी घेतलं, अर्धं प्यायल्या, उरलेल्या पाण्यात बोटं बुडवून पंचा ओला केला.

"दिवस बुडेपर्यंत हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "कुणीच नाही."

थोरला पावणेचारलाच आला. गाडी फाटकासमोर लावली, हॉर्न दिला, मग दार ठोठावलं. कडी काढल्यावर आत येऊन बोचक्याकडे बघितलं, मग आईकडे.

"तयार आहेस ना?"

"बस."

"बसायला वेळ नाही आई, दुकान पोरावर टाकून आलोय." तो सुनेशी थेट बोलत नसे, आईकडे बघून बोलायचा. "काय झालं अंड्याचं? निघालं?"

"अजून आत आहे."

"म्हणजे नाही निघालं."

"म्हणजे अजून आत आहे," आत्या म्हणाल्या.

तो बसला. चहा झाला. पाच वाजले. त्याने दोनदा फोन उचलला, गिऱ्हाइकाला बेअरिंगचा नंबर सांगितला, तिसऱ्यांदा कापला. मग उठून येरझाऱ्या घालायला लागला. त्याचे बूट आईच्या पसरलेल्या पायांपासून वीतभर अंतरावरून जात होते आणि दर वेळी सून त्या बुटांकडे बघत होती.

साडेपाचला टकटक सुरू झाली. मग थांबली. मग चिव, चिव, आणि एकदम जोरात, किंचाळल्यासारखं. आत्यांनी पंचा उघडला. अंडं हलत होतं. पिल्लू आत फिरायचा प्रयत्न करत होतं, वरचं टरफल उचलल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा बसायचं. किंचाळणं थांबेना.

"अरे देवा, किती हाल करता त्याचे," थोरला म्हणाला. "तुम्ही बायका पण. द्या इकडे, एका मिनिटात मोकळं करतो." तो वाकला आणि हात पुढे केला. ग्रीसचे काळे डाग असलेला मोठा हात.

सुनेने त्याचं मनगट धरलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या माणसासमोर ती कधी खुर्चीत बसली नव्हती.

"हात लावू नका भावजी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग सवयीने आईकडे. "आई, ही काय..."

"ती म्हणते ते ऐक," आत्या म्हणाल्या. "डोळे तिचे आहेत."

त्याने मनगट सोडवून घेतलं आणि दारात जाऊन पाठ करून उभा राहिला.

किंचाळणं चालू होतं. हे ऐकत बसणं फार कठीण होतं. सुनेने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले. दारातून येणारं ऊन पिवळं झालं, मग तांबूस, थोरल्याची सावली खोलीभर लांब झाली. आत्यांचा अंगठा पेरांवर नव्हता. नुसता अंड्याच्या कडेला टेकलेला होता.

"बुडाला का?"

"बुडतोय."

"पापुद्रा बघ. नसा?"

सुनेने अंडं दाराच्या उजेडाकडे वळवलं. सकाळी जिथे लाल रेघ उमटली होती तिथे आता फिकट पिवळट, रिकामा पापुद्रा. तिने कापूस टेकवला. पांढराच राहिला. "नाहीत. सुकल्यात."

"रक्त?"

"नाही."

"नीट बघून सांग."

"नाही आत्या."

"मग उचल टोपी."

तिने नखाने वरचं टरफल गोल फिरवत सोडवलं, वाटीवरची झाकणी काढावी तसं. पिल्लाने मान ताणली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पाय झाडून बाहेर पडलं. पंच्यावर पडलेलं, ओलं, काळं, मान टाकून धापा टाकणारं. बेंबीशी थोडं ओलसर होतं, लाल नव्हतं.

आत्यांनी तर्जनी पुढे करून चाचपडत त्याच्या पाठीवर ठेवली. तेवढ्याने ते थरथरायचं थांबलं.

थोरला वाकून बघत होता. "निघालं बाबा एकदाचं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पण आई, पाय बघ त्याचे. हे उभं नाही राहायचं."

पिल्लू उठायला बघत होतं. दोन्ही पाय दोन दिशांना सरकत होते, छाती जमिनीला टेकत होती. पुन्हा उठायचं, पुन्हा फाकायचं.

"हे काही जगत नाही. उद्या मरेल, मग मला परत शंभर रुपयांचं पेट्रोल. आज चल."

आत्यांनी चेहरा सुनेकडे वळवला. दोन्ही डोळ्यांतला पांढरटपणा उजेडात दुधासारखा दिसत होता.

"पाय कसे आहेत? सांग."

नीट आहेत, एवढंच म्हणायचं होतं. आत्यांना दिसणार नव्हतं. थोरल्याचं बोलणं तिने खोटं पाडलं असतं, बोचकं सुटलं असतं, आजचा दिवस तरी निभला असता.

"फाकलेत," सून म्हणाली. "दोन्ही."

"ऐकलंस?" थोरला म्हणाला.

"मऊ आहेत की कडक?"

तिने बोटाने पाय जवळ आणला. "मऊ. जवळ आणला की येतोय. सोडला की जातो."

"गोधडीचा जाड दोरा आण," आत्या म्हणाल्या. "सुताचा. नायलॉनचा कापतो. दोन्ही पायांत वेटोळं, मधे बोटभर अंतर. तीन दिवस ठेवायचं. दिवस न धरता."

"आई, गाडी चालू करू का?"

"कर. अंधार पडायच्या आत पोहोच."

सुनेने दोरा आणला, दातांनी तोडला. आत्यांनी पिल्लू ओंजळीत उताणं धरलं, थरथरत्या हातांत ते डुगडुगत होतं, म्हणून सुनेने आपलं मनगट त्यांच्या मनगटाखाली लावलं. एका पायात वेटोळं बसलं. बाहेर गाडीचं दार लागलं, जरा जोरातच. दुसरा पाय निसटला. तिने पुन्हा धरला. इंजिन चालू झालं, तसंच बराच वेळ घरघरत राहिलं, मग गिअर पडला.

"घट्ट नको," आत्या म्हणाल्या.

गाठ घट्टच झाली होती. तिने ती नखाने उकलली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.